दात्री, बाळ आणि आई : वाचकांचे प्रश्न

दुसऱ्या स्त्रीचं बीज घेऊन आई झालेल्या किंवा होऊ घातलेल्या वाचकांची पत्रं या सदराकडे नेहमी येतात. प्रश्न निरनिराळे असले तरी तळाशी भीती एकच असते: मला हे मूल माझं वाटेल ना, आणि त्याला मी त्याची वाटेन ना? यावेळचं सदर त्या पत्रांसाठी. उत्तरं स्त्रीरोग आणि समुपदेशन अशा दोन्ही बाजूंनी दिली आहेत.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. स्त्रीबीज दात्रीचं, शुक्रबीज नवऱ्याचं. सोनोग्राफीत बाळ हलताना दिसलं की मनात येतं, यात माझं काय? मी नुसती पिशवी का? सेंटरमध्ये सांगतात की ‘एपिजेनेटिक्स’मुळे बाळात माझे गुण उतरतील. खरं आहे का?

आधी जे तुमचं नाही ते सांगून टाकू. बाळाची २३ गुणसूत्रं दात्रीकडून आली, २३ तुमच्या पतीकडून. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातली जनुकं फक्त स्त्रीबीजातून येतात, म्हणजे तीही दात्रीचीच. हा मजकूर गर्भारपणात बदलत नाही. तुमचं नाक बाळाला पिशवीतून मिळणार नाही.

एपिजेनेटिक्स म्हणजे जनुकांचा मजकूर तोच ठेवून कुठल्या जनुकाने किती काम करायचं हे ठरवणाऱ्या खुणा. आईची रक्तातली साखर, पोषण, तंबाखूचा धूर यांचा अशा खुणांवर परिणाम होतो, हे खरं. गर्भपिशवीच्या अस्तरातून पाझरणाऱ्या द्रवातले काही सूक्ष्म आरएनए रेणू भ्रूण आत ओढून घेतो, हे स्पेनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, तेही खरं. पण तिथून ‘बाळ तुमच्यासारखं दिसेल’ इथवर उडी मारणं ही सेंटरवाल्यांची दिलासा द्यायची हौस आहे. त्या दिलाशावर नातं उभं करू नका. मूल शाळेत जीवशास्त्र शिकेल त्या दिवशी तो गळून पडेल.

मात्र ‘नुसती पिशवी’ हेही चूक. तुम्हाला आजवर झालेले आजार आणि तुम्ही घेतलेल्या लसी यांतून तयार झालेली प्रतिपिंडं शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने त्याला राखतात. ती दात्रीची नसतात. दात्रीच्या बीजातून झालेल्या बाळांची वजनं ब्रिटनमध्ये ताडून पाहिली गेली (१९९५), तेव्हा जन्माच्या वजनाचा मेळ दात्रीच्या नव्हे, गर्भ वाढवणाऱ्या आईच्या वजनाशी बसला. साधारण पंचविसाव्या आठवड्यापासून बाळाला आवाज ऐकू येतात आणि त्यात सर्वांत जास्त तुमचा असतो, कारण तो बाहेरून येतो तसा हाडामांसातूनही येतो. तीन दिवसांच्या आतली बाळं आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलतात, हे १९८० साली प्रयोगात दिसलं. बाळाची आईची पहिली ओळख ती हीच. आपल्या भाषेनेही ‘पोटचं मूल’ म्हटलंय, ‘बीजाचं मूल’ म्हटलेलं नाही.

एक काम मात्र आत्ताच करा. स्वतःचं बीज चाललं नाही याचं दुःख बाळाच्या आनंदाखाली दाबून टाकलं असेल, तर ते बाहेर काढा: नवऱ्याजवळ, समुपदेशकाजवळ, नाहीतर कागदावर. हे दुःख आणि बाळाची ओढ एका मनात सुखाने राहू शकतात. दाबलेलं दुःख बहुधा बाळंतपणानंतरच्या रात्रींत वर येतं, आणि तेव्हा ते दुःख न वाटता ‘हे माझं नाहीच’ असं वाटतं.

प्रश्न : अकरावा आठवडा आहे. आता आम्ही घराजवळच्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. दात्रीचं बीज घेतल्याचं त्यांना नाही सांगितलं तर चालेल का? सांगितलं की ते कागदावर येणार, याचीच धास्ती वाटते.

नातेवाइकांना सांगायचं की नाही हा तुमचा प्रश्न. डॉक्टरांना सांगायलाच हवं, आणि त्याची कारणं अगदी रोकडी आहेत.

बाळातल्या गुणसूत्रदोषांसाठी होणाऱ्या चाचणीत बीजाचं वय धरतात. २५ वर्षांच्या स्त्रीला डाउन सिंड्रोमचं बाळ होण्याची शक्यता साधारण १२५० मध्ये एक, ४३ व्या वर्षी साधारण ५० मध्ये एक. दात्री २५ ची आणि फॉर्मवर वय तुमचं ४३, तर निकाल विनाकारण ‘हाय रिस्क’ येतो, आणि मग सुई घालून गर्भजल काढण्यापर्यंत प्रकरण जातं. बीज किंवा भ्रूण गोठवलेलं असेल तर बीज काढलं त्या दिवशीचं दात्रीचं वय सांगायचं. आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए तपासणाऱ्या चाचणीच्या प्रयोगशाळेलाही आधी कळवा. त्यातल्या काही पद्धती आई आणि बाळ यांच्यात निम्मी जनुकं सारखी असणार असं धरूनच हिशेब करतात.

दुसरं, रक्तदाब. एरवी गर्भ आईच्या शरीराला निम्मा परका असतो, इथे तो पूर्ण परका असू शकतो. बहुधा त्यामुळेच प्रीएक्लाम्प्सियाचा (गर्भारपणात रक्तदाब वाढण्याच्या गंभीर आजाराचा) धोका स्वतःच्या बीजाने केलेल्या आयव्हीएफपेक्षा (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारापेक्षा) दुपटीच्या घरात जातो. त्यासाठी बाराव्या आठवड्यानंतर लवकरच कमी डोसची अॅस्पिरिन (७५ ते १५० मिलिग्रॅम) सुरू करायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, आणि तुम्ही नेमक्या त्याच वळणावर आहात. रक्तदाब १४०/९० च्या वर, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा एकाएकी सुजणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं.

तिसरं, रक्तगट. तुम्ही दोघं आरएच निगेटिव्ह असाल तर बाळ निगेटिव्हच असणार असं समजून डॉक्टर अँटी-डी इंजेक्शन (निगेटिव्ह आईच्या शरीराने पॉझिटिव्ह बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनवू नयेत म्हणून देतात ते) टाळतील. दात्री पॉझिटिव्ह असली तर हा हिशेब साफ चुकतो. आणि इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. गोळ्या देऊन पिशवीचं अस्तर तयार केलेल्या चक्रात तुमच्या अंडाशयातून बीज सुटलेलं नसतं, त्यामुळे वार पुरतं काम हाती घेईपर्यंत ही संप्रेरकं बाहेरूनच द्यावी लागतात. बंद कधी करायची ते डॉक्टर सांगतील.

हे सगळं डॉक्टरांशी खासगीत बोला. फाइलमध्ये कुठे आणि कसं लिहायचं, नातेवाइकांसमोर काय बोलायचं नाही, हेही स्पष्ट सांगा.

प्रश्न : मुलगी बारा दिवसांची आहे. सिझेरियन झालं. तिला पहिल्यांदा हातात दिली तेव्हा काहीच वाटलं नाही. अजूनही मी तिची सगळी कामं करते, पण कोणाचंतरी बाळ सांभाळतेय असं वाटतं. दात्रीच्या बीजामुळेच हे होतंय ना?

बहुतेक नाही. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये पहिलटकरणींना विचारलं गेलं, तेव्हा स्वतःच्याच बीजाचं मूल असलेल्या सुमारे ४० टक्के आयांनी बाळाला पहिल्यांदा घेताना मुख्यतः अलिप्तता वाटल्याचं सांगितलं. त्यातल्या बहुतेकींना पुढे आठवडाभरात माया लागली. पान्हा फुटावा तशी माया फुटते हे ऐकायला छान आहे, पण पुष्कळ जणींच्या बाबतीत ती दुधासारखीच चोखल्यावर येते. तुमच्या बाबतीत भर म्हणून शस्त्रक्रिया, झोपेचा अभाव आणि उपचारांची अनेक वर्षं आहेत. त्या वर्षांत तुम्ही प्रत्येक वेळी ‘याही खेपेला जाईल’ म्हणून मन आखडून घ्यायला शिकलात. ती सवय बाळ आल्याबरोबर सुटत नाही.

तरी प्रश्न झटकून टाकत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी ६ ते १८ महिन्यांची बाळं असलेल्या ८५ स्त्रीबीजदानाच्या आणि ६५ स्वतःच्या बीजाने केलेल्या आयव्हीएफच्या कुटुंबांत आई-बाळाच्या खेळण्याचं चित्रण करून पाहिलं. दोन्हीकडे नातं निकोप होतं. पण बाळाचे इशारे टिपण्यात दात्रीचं बीज घेतलेल्या आया किंचित मागे होत्या, आणि त्यांची बाळंही किंचित कमी प्रतिसाद देत होती. यामागचं आमचं वाचन असं: बाळ तोंड फिरवतं तेव्हा दुसरी आई म्हणते ‘झोप आली वाटतं’, आणि तुमच्यासारखी म्हणते ‘मी आवडत नाही वाटतं’. तो क्षणभराचा संकोच हातात येतो, आवाजात येतो. शंका रक्तातून बाळापर्यंत पोचत नाही, पण वागण्यातून पोचू शकते. आणि वागणं बदलता येतं.

रोज एकदा, निदान तासभर, बाळाला फक्त लंगोटावर ठेवून तुमच्या उघड्या छातीवर घ्या. तिचं डोकं एका बाजूला वळलेलं, नाक-तोंड मोकळं, मान दुमडलेली नाही, पाठीवर पांघरूण. तुम्ही टेकून बसलेल्या असा, टाक्यांवर भार येणार नाही अशा. डोळे मिटू लागले तर बाळ दुसऱ्याकडे द्या. सोफ्यावर बाळाला घेऊन झोप लागणं धोक्याचं असतं.

पाजल्यानंतर बाळ शांत आणि जागं असतं ती पाच-दहा मिनिटं गाठा. चेहरा २० ते ३० सेंटिमीटरवर आणा, नवजात बाळाला तेवढ्याच अंतरावर बरं दिसतं. एक वाक्य बोला आणि थांबा. मनात पाच-सहा आकडे मोजा. ती ओठ हलवेल, जीभ काढेल, पाय झाडेल. तिने केलं ते तुम्ही करा. बहुतेक जणींचं इथे चुकतं ते थांबण्यात: बाळाची पाळी येण्याआधीच खुळखुळा वाजतो. तिने मान वळवली, जांभई दिली, बोटं फाकवली की तिला विसावा हवा असतो. तिच्या नजरेमागे तोंड घेऊन जाऊ नका, ती परत वळेल तेव्हा तुम्ही तिथे असलात म्हणजे झालं. आई-बाळाच्या नात्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांत चांगल्या जुळलेल्या आई-बाळांचे सूरसुद्धा साधारण ३० टक्केच वेळ जुळलेले असतात. उरलेला वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवणं यात जातो, आणि बाळाचा विश्वास या पुन्हा जुळवण्यावर बसतो.

आणखी एक. पाहुण्यांकडे बाळ आणि तुमच्याकडे धुणी-भांडी अशी वाटणी झाली असेल तर ती उलटी करा.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशीचं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही सुन्नपणा राहिला तर डॉक्टरांकडून बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्याची एडिनबरो प्रश्नावली मागून घ्या. दहा प्रश्न असतात, गेल्या सात दिवसांबद्दलचे. ३० पैकी १३ किंवा जास्त गुण आले तर नैराश्याची तपासणी करून घ्यायलाच हवी. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला ‘कधीच नाही’ सोडून दुसरं काहीही उत्तर असेल, किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर गुण न मोजता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. प्रसूतीनंतरच्या नैराश्यावर उपचार आहेत. ‘बीजाचा परिणाम’ असं नाव देऊन ते अंगावर काढू नका.

प्रश्न : माझी पाळी ३४ व्या वर्षीच गेली. दात्रीच्या बीजाने गर्भ राहिला आहे. दूध येईल का?

येईल, अशीच अपेक्षा धरा. दुधाला अंडाशय लागत नाहीत. गर्भारपणात स्तनांची वाढ होते, वार पडली की प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतलं प्रोलॅक्टिन कामाला लागतं. आधी चीक, मग दोन ते चार दिवसांत दूध. सिझेरियन, जास्त रक्तस्राव किंवा पिशवीत राहिलेला वारेचा तुकडा यांनी उशीर होतो. पहिल्या तासात छातीला लावा, दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजा, बाळ ओढत नसेल तर दर दोन-तीन तासांनी हाताने पिळून काढा. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा ओले लंगोट हवेत. जन्माच्या वजनात १० टक्क्यांहून जास्त घट झाली तर थांबू नका, दाखवा. गर्भारपणात स्तन मुळीच वाढले नाहीत तर आधीच सांगून ठेवा.

आणि वरचं दूध द्यावं लागलं तर ते तुम्हीच, जवळ घेऊन, डोळ्यांत बघत, मध्ये थांबत पाजा. बाटली उशीला टेकवून ठेवू नका.

प्रश्न : नऊ महिन्यांचा मुलगा माझ्यापेक्षा सासूबाईंकडे लवकर शांत होतो. त्याला माझा वास परका वाटत असेल का?

नाही. वास जनुकांवरून ओळखण्याची सोय बाळाकडे नाही. त्याला परिचयाचा असतो तो गर्भजलाचा आणि रोज जवळ घेणाऱ्याचा वास. दोन्ही तुमचेच आहेत. लहानपणीच, पहिल्या वर्षाच्या आत दत्तक गेलेली मुलं नव्या आईवडिलांशी इतर मुलांइतकीच घट्ट बांधली जातात असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर आढळलं आहे. तिथे तर गर्भारपणही नसतं.

सहा-आठ महिन्यांपासून बाळ आपली माणसं निवडू लागतं, आणि एकाहून जास्त निवडतं. सासूबाईंकडे ते शांत होतं कारण त्या घाईत नसतात. कसोटी ‘कोणाकडे शांत होतो’ ही नाही. तुम्ही खोलीबाहेर गेल्यावर तो शोधतो का, अनोळखी माणूस आला की तुमच्याकडे वळून बघतो का, पडल्यावर तुमच्या दिशेने येतो का, हे पाहा. तुम्ही आल्याबरोबर रडायला लागतो ही तक्रार आम्ही पुष्कळ ऐकतो. दिवसभर आवरून धरलेलं मूल हक्काच्या माणसापुढेच सोडतं. एक करा: झोपवणं किंवा आंघोळ, यातलं एक काम रोज ठरलेल्या वेळी फक्त तुमचं ठेवा.

प्रश्न : भांडणात नवरा बोलून गेला, ‘शेवटी रक्त माझं आहे.’ नंतर माफी मागितली, पण ते जात नाही.

जाणारही नाही, म्हणून ‘विसरून जा’ असं सांगत नाही. एकाचं जनुकीय नातं आणि दुसऱ्याचं नाही, ही असमानता घरात खरीच असते. ती बोलून मोकळी करावी लागते, नाहीतर भांडणात हत्यार म्हणून वर येते. केंब्रिजच्याच दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, तिसऱ्याच्या मदतीने झालेली मुलं वीस वर्षांची झाल्यावर. त्यांच्या आणि इतर मुलांच्या मानसिक आरोग्यात काही फरक नव्हता. पण दात्रीचं बीज घेतलेल्या आयांनी घरातल्या नात्यांना शुक्रबीजदान घेतलेल्या आयांपेक्षा थोडे कमी गुण दिले. म्हणजे ही टोचणी आईला वीस वर्षंही राहू शकते.

दोघांनी शांतपणी दोन गोष्टी ठरवा. हे वाक्य कुठल्याही भांडणात पुन्हा येणार नाही. आणि ‘कुणावर गेलाय?’ असं कोणी विचारलं की नवऱ्याने ‘माझ्यावर’ म्हणून गप्प न बसता ‘हसतो अगदी आईसारखा’ म्हणायचं. ते खोटंही नसतं. मुलं हसण्याची, बोलण्याची, हात हलवण्याची लकब बघून उचलतात.

प्रश्न : मुलगी दीड वर्षाची आहे. तिला सांगायचं असं ठरवलंय. कधी आणि काय शब्दांत? सांगितल्यावर ती मला आई मानेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. वर सांगितलेल्या अभ्यासात ज्या मुलांना सात वर्षांच्या आत कळलं होतं, त्यांचं वीस वर्षांच्या वयात आईशी नातं अधिक चांगलं आढळलं आणि त्या आयांमध्ये चिंता-नैराश्यही कमी होतं. लपवल्याने नातं वाचतं हा समज उलटा आहे. शिवाय घरबसल्या डीएनए चाचणी करता येते, आणि शाळेच्या कार्डावर रक्तगट असतो. एबी गटाच्या आईची मुलगी ओ गटाची असली, जे स्वतःच्या बीजात एरवी होत नाही, तर दहावीत कोणीतरी तक्ता काढून दाखवणारच.

आत्तापासून सुरू करा, कारण सराव तुम्हाला हवा आहे, तिला नव्हे. लंगोट बदलताना म्हणा, ‘तू यावीस म्हणून आम्ही किती वाट बघितली. एका बाईंनी बीज दिलं आणि तू माझ्या पोटात वाढलीस.’ पहिल्या वीस वेळा तुमचा गळा दाटून येईल. तो तिला काही कळत नसताना दाटलेला बरा.

तीन-चार वर्षांची असताना: ‘बाळ व्हायला बाईचं एक इवलंसं बीज लागतं आणि पुरुषाचं एक. माझी बीजं काम करत नव्हती. एका बाईंनी त्यांचं एक आम्हाला दिलं. ते आणि बाबांचं डॉक्टरांनी एकत्र केलं आणि माझ्या पोटात ठेवलं.’ इथे ‘बी’ म्हणू नका. फळाची बी गिळली की पोटात झाड उगवतं असं ऐकलेलं मूल भलतंच चित्र रंगवतं. पाच ते सातच्या दरम्यान पेशी हा शब्द आणा. आठ-दहाला जनुकं, आणि ‘माझे डोळे कोणाचे?’ या प्रश्नाला ‘कदाचित त्या बाईंचे असतील’ हे सरळ उत्तर. तेरा-चौदाला तिच्या मनात येईल की दात्रीची आणखी मुलं असतील. हो, असू शकतात, असंच सांगा.

दात्रीसाठी घरात एकच शब्द ठरवा. आपल्याकडे भेटेल त्या बाईला मावशी म्हणायची सवय आहे, म्हणून ‘मावशी’ नको; मूल तिला नात्यात शोधू लागतं. ‘खरी आई’ हा शब्द कोणी उच्चारला तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. ‘देवदूत’, ‘केवढे उपकार’ हेही टाळा. आपण कोणाच्यातरी उपकारावर जगतो असं मुलाला का वाटावं?

कधीतरी चिडून ती म्हणेल, ‘तू माझी खरी आई नाहीसच.’ त्या वयात पोटच्या आणि बीजाच्याही मुली आईला याहून वाईट बोलतात. उत्तर द्यायचं, ‘बीज माझं नाही, आई मीच आहे, आणि मोबाइल नऊला बंद होणार.’

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला काहीच माहीत नाही. आता उशीर झाला का?

झाला, पण आणखी केलात तर आणखी होईल. परीक्षा किंवा समारंभ जवळ नाही असा सुट्टीचा दिवस निवडा, सकाळची वेळ, दोघंही हजर. मुख्य गोष्ट दोन मिनिटांत सांगा, प्रस्तावना लांबवली तर तो कुणीतरी मेलं असं समजतो. आधी का सांगितलं नाही ते एका वाक्यात: ‘आम्ही घाबरलो होतो, आणि ते चुकलं.’ आणखी कोणाकोणाला माहीत आहे हेही सांगा, कारण राग बीजाचा नसतो, ‘काकूला माहीत आणि मला नाही’ याचा असतो. त्याच्याकडून लगेच मिठीची अपेक्षा करू नका आणि ‘कोणाला सांगू नकोस’ अशी शपथही घालू नका. तो गप्प राहिला तर तीन-चार दिवसांनी तुम्हीच विषय काढा.

त्याआधी एक फाइल तयार ठेवा: सेंटरचं नाव, भ्रूण सोडल्याची तारीख, दात्रीचा सांकेतिक क्रमांक, तिचं त्या वेळचं वय, रक्तगट, उंची, तिच्या घरातल्या आजारांची नोंद, जे मिळेल ते. दात्रीची ओळख सज्ञान मुलाला मिळते की नाही हे त्या-त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून आहे. स्वीडन आणि ब्रिटनमध्ये मिळते, अनेक ठिकाणी मिळत नाही. जिथे मिळत नाही तिथे मुलाच्या हाती येणारी माहिती एवढीच असते, आणि सेंटर बंद पडलं तर तीही जाते. तेव्हा कागद आजच मागवा.